रंग शिमग्याला करावा

वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस न्हाणीघराला कोणी मान देत नाही. नरकचतुर्दशीला मात्र घरातला एकूणएक माणूस पहाटे चारपासून त्याच्या दाराशी ताटकळत असतो. तुळशीपाशी कारिटे मांडून ठेवलेली असतात, अंगाला तेल चोपडून झालेले असते, उटण्याची वाटी हातात असते आणि आत गेलेल्या धाकट्या भावाची आंघोळ काही केल्या आटपत नाही. अशा वेळी माणसाने करावे तरी काय? तो समोरच्या दाराकडे पाहत राहतो. मग त्याच्या ध्यानात येते, की दाराच्या खालच्या वीतभर भागावर रंग असा उरलेलाच नाही. कुठे पापुद्रे सुटले आहेत, कुठे फोड आले आहेत, चौकटीचा पाय काळा पडून भुसभुशीत झाला आहे. नकळत तो नखाने एक पापुद्रा सोलतो. खाली दुसरा रंग, त्याच्या खाली तिसरा. तेवढ्यात आतली कडी वाजते, त्याची पाळी येते आणि दार पुन्हा पुढच्या नरकचतुर्दशीपर्यंत विसरले जाते.

दिवाळी अंकासाठी मी हा विषय काढला तेव्हा संपादकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लोक फराळावर लिहितात, आकाशकंदिलावर लिहितात, आणि तुम्ही न्हाणीघराच्या दारावर? मी म्हटले, अहो, ज्या सणाची सुरुवातच न्हाणीघरात होते त्या सणाच्या अंकात त्या दाराला दोन पाने नकोत काय? शिवाय घराघरांतून याच दिवसांत रंगाचे डबे आणले जातात. ते उघडण्यापूर्वी चार गोष्टी सांगितल्या तर सांगितल्याचा उपयोग. नंतर सांगून काय करायचे?

रंग का उडतो, या प्रश्नाला रत्नागिरीत तीन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, रंग हलका होता. दुसरे, रंगाऱ्याने रंगात टर्पेंटाइन जास्त ओतले. तिसरे आणि सर्वांत लाडके, समुद्राची खारी हवा. या तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. खारी हवा लोखंडाला खाते, म्हणून आपल्या दारांच्या बिजागऱ्या गंजतात आणि खिळ्यांभोवती तांबडे डाग पडतात. पण तीच खारी हवा पुढच्या ओटीच्या दारालाही लागते. तिथला रंग दहा-दहा वर्षे टिकतो आणि न्हाणीघराचा मात्र एका वर्षात पापड होतो. तेव्हा दोष हवेच्या माथी मारून भागत नाही. खरे कारण चौथे आहे आणि ते आपल्या पंचांगात आहे.

कोकणात घराला रंग केव्हा लागतो? गणपतीच्या आधी. मुंबईचे चाकरमानी यायचे, गौरी यायच्या, घर कसे लखलखीत दिसले पाहिजे! श्रावण लागला की रंगाऱ्यांचे भाव वधारतात. भिंती होतात, माटोळी होते, खिडक्या होतात आणि शेवटी उरलेला रंग न्हाणीघराच्या दारावर फिरतो. गणपती काही न्हाणीघरात येत नाही; पण पाहुणे येतात ना! दार चतुर्थीला चकाकते, अनंतचतुर्दशीपर्यंत चकाकते, आणि होळीच्या सुमारास त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पुढच्या श्रावणात रंगारी पुन्हा हजर. हे चक्र पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि यात रंगाऱ्याखेरीज कोणाचेही कल्याण होत नाही.

हे असे का होते ते नीट समजून घ्यायला हवे. लाकूड वाळले तरी ते निर्जीव दगड होत नाही. हवेत ओल वाढली की ते पाणी पिते, हवा कोरडी झाली की ते सोडून देते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत राहिलेले लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्के पाणी धरून बसते. आर्द्रता साठ-पासष्टावर उतरली की हेच प्रमाण बारा-तेरा टक्क्यांवर येते. पाणी प्यालेले लाकूड आडवे फुगते, सोडलेले लाकूड आडवे आकसते. उभ्या लांबीत मात्र फरक जवळजवळ नाही. म्हणूनच पावसात दार चौकटीत अडकते आणि मे महिन्यात त्याच दाराच्या फटीतून पलीकडचे दिसते.

आता विचार करा. श्रावणात लाकूड फुगलेले आहे, पोटात पाणी आहे, आणि आपण त्यावर तेली रंगाचा जाड थर चढवला. म्हणजे ओल्या माणसाला रेनकोट घातला! आतले पाणी बाहेर पडायला धडपडते. ते रंगाला मागून ढकलते. त्याचे फोड होतात. पुढे लाकूड आकसते, वरचा रंगाचा कडक थर मात्र तेवढा आकसत नाही; त्याला चिरा पडतात. त्या चिरांतून रोजच्या आंघोळीचे पाणी आत शिरते आणि मग पापुद्रे. वर थापलेला रंग कितीही उंची असला तरी त्याचा इलाज चालत नाही. कारण तो बसतच नाही. रंग उडणे हा मुळी रोगच नाही. ती रोगाची खूण आहे. रोग पाण्याचा आहे.

आमच्या आळीतल्या एका आजींच्या दाराची हकिकत सांगतो. घर जुने, चिऱ्याचे. न्हाणीघर मागच्या पडवीला लागून. दाराचा खालचा भाग पार गेलेला. मुंबईहून मुलगा आला होता, तो म्हणाला, "हे काढून टाकू आणि फायबरचं दार बसवू. दोन तासांचं काम." आजींना ते पटेना. "दर गणपतीला रंगवत्ये मी हे दार. काय कमी केलं त्याला?" असा त्यांचा सवाल. कमी काहीच केले नव्हते; जास्तच झाले होते. मी एका मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी खिशातून दाभण काढले आणि दाराला वरपासून खालपर्यंत वितीवितीवर टोचत आले. वर दाभण रुतेना. शेवटच्या पाच बोटांत ते लोण्यात गेल्यासारखे गेले. मेस्त्री म्हणाले, "दार जिवंत हाय. पाय तेवढा गेलाय."

मग त्यांनी एका कोपऱ्यावर पाणी लावून पत्रीने रंग अलगद खरवडला. पिस्त्यासारखा हिरवा, त्याखाली मळकट पांढरा, मग आकाशी, मग राखी, पुन्हा हिरवा पण गडद. आजी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या: हा नातवाच्या मुंजीचा, हा थोरलीच्या लग्नाचा, हा राखी ह्यांनी आणला होता तेव्हा केवढं भांडण झालं! सगळ्यांच्या तळाशी सोनेरी तपकिरी, उभ्या रेघांचे, तेलकट वासाचे लाकूड निघाले. साग. मुलगा खाली बसून हात फिरवून पाहू लागला आणि फायबरच्या दाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

सागाची आणि रत्नागिरीची ओळख मोठी विलक्षण आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आपल्या गावात कैदी म्हणून आला तो १८८६ साली. त्याचे राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतले, आणि त्या युद्धाला निमित्त झाले होते ते सागवानाचेच: मुंबईत नोंदलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशाच्या जंगलांतून तोडलेल्या लाकडाबद्दल राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला होता. ज्याचा मंडालेचा वाडा सागाचा होता तो राजा असा सागापायीच कोकणातल्या पावसात येऊन पडला. इथला त्याचा वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. थिबा राजवाड्याच्या अर्धगोल खिडक्यांचे लाकडी काम आजही पाहावे. एवढ्या पावसात ते उभे राहिले यात सागाच्या अंगच्या तेलाचा वाटा आहेच. ते तेल वाळवीला आणि बुरशीला सहसा जवळ येऊ देत नाही. पण तितकाच वाटा उतरत्या छपराचा आहे. लाकूड भिजले तर हरकत नाही, ते वाळले पाहिजे. हा एक मंत्र पाठ झाला तर बाकीचे सगळे त्यातून निघते.

आपल्या जुन्या घरांत हा मंत्र कोणी न सांगता पाळला जात होता. न्हाणी घराच्या मागल्या अंगाला, वर कौले, कौलांतून वाफ निघून जायची. कोपऱ्यात चुलीवर तांब्याचा हंडा. त्या चुलीची धग सकाळी दोन-तीन तास लाकडाला शेकून काढायची आणि धुराने बुरशीची भीड चेपली जायची. दार म्हणजे चार फळ्या, खाली चांगली बोटभर मोकळी फट. ते दिसायला देखणे नव्हते, पण रोज भिजायचे आणि रोज वाळायचे. आता चूल गेली, गीझर आला. कौले गेली, स्लॅब आला. भिंतींना वरपर्यंत चकचकीत फरश्या बसल्या; त्या पाण्याचा थेंब पीत नाहीत. मग सगळी वाफ प्यायला उरतो कोण? एकटे दार आणि एकटी चौकट. त्यात डास येतात म्हणून झरोका बंद. सोयी सोडा असे मी म्हणत नाही; पण चूल जे काम फुकट करीत होती ते आता कोणी करायचे, हे ठरवायला हवे.

आता कामाला लागू. पहिले काम रंगाचे नाही, पाण्याचा माग काढण्याचे आहे. आंघोळ चालू असताना शिंतोडे कुठवर उडतात ते पाहा. जमिनीचा उतार मोरीकडे आहे की दाराकडे? पुष्कळ घरांत तो दाराकडे निघतो आणि उंबऱ्याशी पाण्याचे तळे साचते. चौकटीचे पाय फरशीत पुरलेले आहेत काय? असतील तर ते दिव्याच्या वातीसारखे खालून पाणी ओढत राहतात. चौकट आणि भिंतीची फरशी यांच्यामधली फट उघडी आहे काय? नळ गळतो काय? जोवर या प्रश्नांची सोय लागत नाही तोवर रंगाच्या डब्याचे झाकण उघडू नये.

मग आरसा घ्या, हातातला लहान. दार उघडून तो जमिनीवर दाराच्या कडेखाली धरा आणि दाराची खालची कड पाहा. दहांपैकी नऊ दारांची ही कड कोरी असते, कारण दार टांगल्यावर तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही आणि घरमालकाची नजरही पोचत नाही. उभ्या फळ्यांची टोके तिथेच उघडी पडलेली असतात. लाकडाच्या सर्व नळ्या टोकाशी उघडतात. त्यामुळे फळीच्या पाठीपोटाने पाणी जेवढे शिरते त्याच्या कितीतरी पटींनी ते टोकातून शिरते. दार नेहमी खालून का कुजते, याचे उत्तर त्या आरशात दिसते.

यापुढचा भाग ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी दोनदा वाचावा. आजींच्या घरी दीड वर्षाचा पणतू होता. सुटलेले पापुद्रे सोलायचे आणि तोंडात घालायचे हा त्याचा आवडता उद्योग. घरच्यांना त्याचे हसू येत असे. जुन्या तेली रंगांत शिसे असे. पांढऱ्या सफेद्यात शिसे, पिवळ्यात शिसे, शेंदूर तर शिशाचाच. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची भर घालीत. आपल्याकडे घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीच्या कोणत्याही थरात शिसे आहे असेच धरून चालावे. लहान मुलाच्या पोटात गेलेले शिसे त्याच्या मेंदूच्या वाढीला धरते. अमुक इतके गेले तर चालेल अशी मर्यादाच नाही. हे कळल्यावर त्या घरातले कोणी हसले नाही. पणतवाला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासायला दिले. पापुद्रे तोंडात घालणारे मूल आपल्या घरी असेल तर आपणही हेच करावे.

म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. कोरड्या घासण्याने जी पूड उडते ती स्वयंपाकघरापर्यंत जाते. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत आहे. ती त्याहून वाईट. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो, पण साग काळवंडतो. बरा मार्ग असा: दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात न्यावे, मुलांना नातेवाइकांकडे पाठवावे, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद पसरावा, रंगावर पाणी शिंपडत ओल्यानेच पत्रीने खरवडावे आणि पाण्यात चालणाऱ्या पॉलिशपेपरने घासावे. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मुखवटा हवा. निघालेला गाळ कागदासकट गुंडाळून, पिशवीत बांधून घातक कचऱ्यात वेगळा द्यावा. तो विहिरीकडे, अळवाच्या खाचरात किंवा आंब्याच्या बुंध्याशी टाकू नये आणि बंबात तर मुळीच घालू नये. काम झाल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. जिथे रंग घट्ट बसलेला आहे आणि तडा नाही, तिथे तो खोदून काढण्याचा हट्टही धरू नये.

उघडे केलेले दार वाळवायचे कसे? उन्हात नव्हे, कडक उन्हात फळ्या तडकतात. पडवीत सावलीला, खाली दोन विटा ठेवून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे उभे करावे. आणि वाळले हे ओळखायचे कसे? हात लावून कळत नाही. आजींच्या घरी आंब्याच्या पेट्या तोलायचा काटा होता. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी दार काट्यावर चढवले तेव्हा ते २५ किलो भरले. दर रविवारी ते तोलायचे आणि भिंतीवर कोळशाने आकडा लिहायचा, हे काम आजींनी स्वतःकडे घेतले. आकडा दर आठवड्याला उतरत गेला. माघात तो साडेतेवीसवर येऊन दोन रविवार हलेना, तेव्हा मेस्त्रींनी मान डोलावली. म्हणजे दीड लिटर पाणी त्या दारातून निघून गेले. श्रावणातला रंग दर वर्षी या दीड लिटर पाण्यावर दिला जात होता!

तेवढे दिवस न्हाणीघराला दार काय? जाड गोणपाटाचा पडदा. आजी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी झावळीचा होता, कोणाचं काही अडलं नाही."

सुतारकाम त्यानंतर. कुजलेले लाकूड दाभण घट्ट लागेपर्यंत कापून टाकावे. त्यावर लांबी थापून ते झाकणे म्हणजे किडक्या दाताला चुना लावण्यासारखे आहे. नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा घ्यावा. सागाला साग, फणसाला फणस. आंब्याची फळी पेटीला ठीक, न्हाणीला नव्हे. सांधा आडवा सरळ न करता तिरका करावा आणि त्याचा उतार बाहेर ठेवावा, म्हणजे पाणी सांध्यात न थांबता ओघळून जाते. पाण्यात न सुटणारा डिंक वापरावा. चौकटीचे पाय जमिनीपासून दोन बोटे वर कापून खाली कडाप्प्याचा तुकडा बसवावा. जांभा नको, जांभा स्वतःच पाणी पितो. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे घ्यावेत, कारण लोखंड गंजले की त्याच भोकातून पुन्हा पाणी शिरते.

मग, आणि मगच, रंग. साग असेल तर आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्यावा. अंगचे तेल रंगाला धरू देत नाही. लाकडातल्या गाठींवर लाखेचा हात द्यावा. त्यानंतर लाकडाचे अस्तर, पातळ करून, ब्रशने रगडून. खालच्या आणि वरच्या कडेला तीन हात. दार अजून जमिनीवर आडवे आहे तोवरच हे साधते, टांगल्यावर नाही. लांबी अस्तरानंतर भरावी, आधी नाही. कोरे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि मागे खडूची भुकटी तेवढी उरते. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला लावू नये. लाकूड हलते, ती हलत नाही. लांबी वाळली की घासून, पुसून रंगाचे दोन पातळ हात, मधे एक दिवस जाऊ द्यावा आणि पॉलिशपेपर हलका फिरवावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. सकाळचे दव उतरल्यावर, नऊ-दहानंतर ब्रश हातात घ्यावा आणि उन्हे कलायच्या आत ठेवावा. नवा डबा घेताना त्यावर शिसे नसल्याची नोंद वाचून घ्यावी.

दोन शंका नेहमी विचारल्या जातात. पहिली, दाराला आतून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला तर? आपल्याकडे हा उपाय घरोघर दिसतो. पत्रा पाणी अडवतो हे खरे, पण वरच्या कडेने आणि खिळ्यांच्या भोकांतून जे पाणी मागे शिरते त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत दाराची माती, असा प्रकार एक दिवस पत्रा उचकटल्यावर कळतो. लावायचाच असेल तर कोरड्या, पूर्ण रंगवलेल्या दारावर लावावा, खालच्या कडेवरून वळवून घ्यावा आणि वरची कड नीट बुजवावी. दुसरी शंका, काजूच्या टरफलाचे तेल किंवा होडीला लावतात ते माशाचे तेल चालेल काय? वाश्यांना आणि होड्यांना ही तेले आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या लावली आहेत आणि ती लाकूड राखतात. पण काजूच्या तेलाने अंगावर फोड येतात, तेव्हा उघड्या अंगाने वावरायच्या खोलीत ते नको. मोरीच्या तेलाबद्दल तर काय बोलावे! नाव न्हाणीघराला साजते खरे, पण मोरी म्हणजे मासा, आणि तो वास दाराइतकाच टिकाऊ असतो.

राहता राहिली रोजची सवय. शेवटची आंघोळ झाली की दार सताड उघडे ठेवावे, झरोक्याला जाळी बसवून तो खुला करावा आणि दाराच्या खालच्या अंगावरून कोरडे फडके फिरवावे. एक मिनिटाचे काम. चूल जे करीत होती ते आता या फडक्याने करायचे.

आता प्रश्न उरतो तो या दिवाळीचा. पाऊस नुकताच ओसरला आहे, दार पोटभर पाणी पिऊन बसले आहे. तेव्हा आणलेला डबा तसाच माळ्यावर ठेवा. सोललेले दार पाहून पाहुणे काय म्हणतील, ही भीती सोडा. कार्तिकात रंग काढा आणि दार उघडे करा. मार्गशीर्ष आणि पौष ते पडवीत वाळू द्या. माघात मेस्त्रींना बोलवा. फाल्गुनात, हवा कोरडी असताना, रंग द्या. शिमग्याला रंग करावा हे आपल्या पूर्वजांनी ठरवूनच ठेवले आहे. आपण तो फक्त एकमेकांच्या तोंडाला फासला.

आणि पुढच्या श्रावणात रंगारी नेहमीप्रमाणे अंगणात येऊन उभा राहिला, तर त्याला बसायला पाट द्या, चहा द्या, आणि माघानंतरची तारीख मागून घ्या. त्या दिवसांत तो मोकळा असतो. दरही उतरवून देईल.